पंखावरचा पांढरा थर

बायको, सुविधा, गेली त्या सकाळी गोकुळदास गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर शिडीवर उभा राहून विमानाचा पंख पुसत होता. दिल्लीहून आलेल्या विमानाच्या पंखातलं इंधन वर आभाळात गारठलेलं असतं. खाली उतरलं की पेडण्याची ओली हवा त्या पंखाला लागते आणि बर्फाचा पातळ थर धरतो. कोमट पाणी घालून तो काढायचा, कोरडं पुसायचं, उघड्या तळव्यानं चाचपायचं. त्याशिवाय विमान सुटत नाही.

"खाली ये रे," मुकादम अमोल म्हणाला. "घरसून फोन इलो. वैनीचा कायतरी झाला."

"एवढा पुसून येतंय."

त्यात पंधरा मिनिटं गेली. पुढे डिचोलीत खनिजाचे ट्रक आडवे आले. पाळी गावातल्या घरी पोचला तेव्हा बायकोला शेवटची आंघोळ घालून झाली होती; केस ओले होते.

"पयलो तांब्यो घोवान घालूचो असता," थोरली वहिनी रुक्मिणी म्हणाली. "आमी किती थांबतलो?"

बाराव्यानंतर तो कामावर आला. दिल्लीचं विमान उभं होतं. तो शिडी चढला आणि तिथंच थांबला.

थर सगळीकडे नव्हता. एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन कोणी निजावं तेवढ्याच जागेवर होता. सुविधा तशीच निजायची.

अमोल वर आला. त्यानं बघितलं आणि एक पायरी खाली सरकला.

"असा कसा रे धरला ह्या?"

गोकुळदासनं बादली पायरीवर टेकवली.

"पाणी घाल, बाबा. माणसा आत बसलीत."

बादलीतून वाफ येत होती. त्यानं प्लास्टिकचा मग भरला. घातलं की ती जाणार. नाही घातलं तर पहिल्या तांब्यासारखं हेही राहून जाणार.

त्यानं पायांवर पाणी घातलं. पाय गेले. कंबर गेली. खांदा गेला.

चेहरा उरला.

"माका माफ कर गो," तो म्हणाला आणि चाचपायला तळवा टेकवला.

बर्फ गार नव्हता. अंगासारखा कोमट होता.

तळव्याखाली पापणी हलली.

त्याच्या हातातून पाण्याचा मग सुटला.

अमोलनं उतारू खाली उतरवले. दुपारी उन्हात तापलेल्या पंखाला हात लावला तर चटका बसत होता. चेहऱ्याचं तेवढं पांढरं मात्र तसंच होतं.

दुसरी बादली भरून आणली आहे. चेहऱ्यावर पाणी घालायचं राहिलं आहे.