भिंतीवरची आई

"आई, तिला जा म्हण! आई गं, तिला घरात येऊ देऊ नको!"

पाच वर्षांची सुजाता किंचाळली आणि सुलाबाईंच्या पदरात तोंड खुपसून थरथरू लागली. दारात उभ्या असलेल्या पंचफुलेच्या हातातली बॅग गळून पडली. ज्या लेकराला एकदा पोटाशी धरावं म्हणून तिनं दोन वर्षं परक्या मुलखात काढली, ते लेकरू तिच्याकडं बघून भेदरलं होतं... आणि 'आई' म्हणून हाक मारत होतं ती तिच्या जावेला!

"अगं वेडे, ही तुझी माय हाय. कुवेतहून आलीय तुझ्यासाठी," सुलाबाई पोरीला थोपटत म्हणाल्या. पण पोरीची मिठी काही सुटेना. पंचफुला पुढं झाली तसा पोरीनं असा टाहो फोडला, की शेजारच्या कडूबाई खरकट्या हातानं धावत आल्या. पंचफुला उंबऱ्यातच बसली.

नवरा सिताराम रेल्वेत पॉइंट्समन होता. काविळीचं निमित्त झालं आणि तो ऐन पंचविशीत तिला टाकून गेला. पंचफुलेनं लग्नाआधी नर्सचं शिक्षण घेतलं होतं. आखाती देशांत नर्स हव्यात असं कळलं तेव्हा थोरले दीर भगवानराव स्वतः तिला घेऊन मुंबईला मुलाखतीला गेले होते. आणि तीन वर्षांच्या सुजाताला सुलाबाईंच्या ओटीत घालून, काळजावर धोंडा ठेवून, ती विमानात बसली होती.

कुवेतच्या इस्पितळात तिला नवजात बाळांच्या वॉर्डात नेमलं. सुरुवातीचे महिने ती न्हाणीत नळ सोडून रडून घेई. केरळच्या पोरींशी हातवाऱ्यांनी बोलायचं, बाळंतिणींच्या तोंडून अरबीचा एकेक शब्द उचलायचा, वाळूचं वादळ सुटलं की खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा... आणि परक्यांची बाळं छातीशी धरताना आपली पोर आता किती जड झाली असेल याचा अंदाज करायचा! हळूहळू बस्तान बसलं. अशक्त बाळ आलं की मेट्रन तिलाच हाक मारू लागली. मरियम्मा नावाच्या मैत्रिणीसोबत राहायला वेगळी खोली मिळाली. तेव्हा तिनं मुलीचं नाव पासपोर्टवर चढवून घेतलं आणि अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, महिन्याची रजा काढून, ती लेकीला न्यायला पूर्णेला, सासरी आली होती.

लेकीनं मात्र तिला ओळखसुद्धा दाखवली नाही. तिनं आणलेली डोळे मिटणारी बाहुली पेटीवर पडून राहिली, झालरीचा फ्रॉक घडीतच राहिला. पोर जेवायची सुलाबाईंच्या हातून, न्हायची सुलाबाईंच्या हातून, आणि झोपायची सुलाबाईंचं जुनेर मुठीत धरून. बाईला बाईचा हेवा वाटणं जगावेगळं नव्हे. कुणाला पाटल्यांचा वाटतो, कुणाला माडीचा. पंचफुलेला मात्र त्या ठिगळाच्या जुनेराचा हेवा वाटू लागला! सुलाआक्कांची कूस उजवली नाही म्हणून आपण केवढी हळहळ केली होती... आणि त्यांनी आपलीच कूस रिकामी करावी?

हा विचार एकदा मनात शिरला आणि मग तिला सगळीकडं तेच दिसू लागलं. सुलाबाई हसून बोलल्या तर वाटे, जिंकल्याचं हसू आहे. गप्प राहिल्या तर वाटे, मनात काहीतरी शिजतंय. तिनं कुवेतहून पाठवलेला पांढऱ्या गणवेशातला फोटो सुलाबाईंनी चौकटीत बसवून भिंतीवर लावला होता... बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सासरे, त्यांच्याशेजारी सिताराम, आणि त्याच्याशेजारी ती. तो बघून तिच्या ओठांवर कडवट हसू आलं. 'मला टांगलं भिंतीला, आणि माझी लेक घेतली पदरात!'

एके दिवशी तिनं सुलाबाईंच्या हातून तेलाची वाटी ओढून घेतली.

"राहू द्या आक्का. आजपासून तिची वेणी मी घालीन. तुमचे उपकार पुष्कळ झाले."

सुलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "उपकार कशाचे, बाई? घाल की. तुझीच लेक हाय," एवढंच बोलून त्या चुलीपुढं जाऊन बसल्या. सुजाता डोळे घट्ट मिटून, अंग आखडून वेणी घालून घेत राहिली. पंचफुलेच्या बोटांखाली तिची मान कापत होती. त्या मानेवरून हात फिरवण्याचं धैर्य पंचफुलेला झालं नाही.

त्याच संध्याकाळी ठिणगी पडली. भगवानराव कामावरून आले होते, घरात मेणबत्ती लागली होती, बुद्धवंदना झाली होती. पंचफुला आतल्या खोलीतून बाहेर आली आणि जागीच खिळली. सुजाता भिंतीसमोर हात जोडून उभी होती. तिच्याच फोटोसमोर!

जिवंत आई दोन हातांवर असताना पोर कागदाच्या आईला हात जोडत होती. पंचफुलेचा संयम सुटला. तिनं पोरीला दंडाला धरून आपल्याकडं वळवलं.

"मी इथं हाय ना गं! माझ्याकडं बघत न्हाईस आन् त्या फोटोला काय हात जोडतीस?"

"सोड मला!" पोर हुंदके देत ओरडली. "तू मेलीस! तू मेलेली हाईस!"

मग पंचफुला सुलाबाईंकडं वळली. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं विष तिच्या जिभेवर आलं.

"शाब्बास, आक्का! जित्तेपणी मारलंत मला! लेकरू पाहिजे होतं तर मागायचं होतं... माझं मढं कशाला दाखवलंत तिला?"

"पंचफुला!" भगवानराव गरजले. सुलाबाई भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांचे डोळे भरलेले पाहताच सुजाता दंड सोडवून त्यांच्यापुढं उभी राहिली, जणू त्यांना कुणी मारणार होतं.

"आईला नको बोलू! आईनं न्हाई सांगितलं. मलाच ठावं हाय." तिनं भिंतीकडं बोट केलं. "आजोबा मेले, त्यांचा फोटो हाय. बाबा मेले, त्यांचा फोटो हाय. जित्त्या माणसाचा फोटो कुणी लावत न्हाई. कडूमावशीच्या घरीबी न्हाई."

तिघंही त्या भिंतीकडं बघत राहिले. पोरीचं काय चुकलं होतं? साऱ्या वस्तीत जिवंत माणसाची तसबीर कुणाच्या घरी होती? सुलाबाईंनी कपाळ बडवून घेतलं.

"माय गं, माझ्या ध्यानातच आलं न्हाई! तुझं तोंड इसरू नये म्हणून लावला मी. रोज हात जोडायला लावले, की मायचा मान राहावा... आन् मीच तुला मेलेल्यांत नेऊन बसवलं!" त्यांनी पंचफुलेचे हात धरले. "पण खरं सांगते. ती मला आई म्हणायली, तवा मी तिला अडवलं न्हाई. एकदा अडवावं वाटलं, पण जीभ उचलंना. तेवढं पाप माझं हाय, बाई."

पंचफुलेला रडू कोसळलं. कुणी चोरलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. आणि पोर तिला मेलेली समजूनसुद्धा रोज हात जोडत होती! ती गुडघ्यांवर बसली आणि हात पुढं केला.

"लावून बघ, बाळा. गरम हाय का न्हाई?"

सुजातानं बराच वेळ घेतला. मग एक बोट लावलं, मग पूर्ण तळवा.

"हाय," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई गाठोडं बांधून राणीसावरगावला, भावाकडं निघाल्या. "मी डोळ्याआड झाले की तुझा लळा लागंल तिला. मग घेऊन जा. लेकरू मायचंच असतं." पंचफुलेनं त्यांच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. परक्या देशात सुरुवातीचे महिने कसे जातात हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? ते दिवस एवढ्याशा जिवाच्या वाट्याला द्यायचे, आणि आपण ड्युटीवर जायचं? छे!

"करार संपायला एक वर्ष हाय, आक्का. ते झालं की मीच येते कायमची. तवर राहू द्या तुमच्यापाशी. आन् म्हणू द्या तुम्हाला आई."

"आन् तुला?"

"तिला जे सुचंल ते," पंचफुला म्हणाली. आणि तिनं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.

उरलेल्या दिवसांत पोर तिच्या हातून जेवली, तिच्या कुशीत एकदोनदा झोपली, पण हाक अशी तिनं तिला कुठलीच मारली नाही.

जाण्याच्या दिवशी मनमाडकडं जाणारी गाडी पूर्णेच्या फलाटाला लागली. भगवानरावांनी बॅग आत दिली. सुजाता सुलाबाईंच्या कडेवर शांत होती. शिट्टी झाली, डबा हलला... आणि पोरीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं दोन्ही हात खिडकीकडं फेकले.

"आई! ए आई! जाऊ नको ना!"

ही हाक ऐकण्यासाठी पंचफुला दोन वर्षं झुरली होती. आता ती ऐकू आली आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. गज धरून ती ओरडली, "आक्का, तिला गप करा ना! तुमचं ऐकती ती!"

सुलाबाई गाडीबरोबर धावत होत्या, त्यांचे स्वतःचे गाल भिजले होते.

"न्हाई करायची! रडू दे तिला! तिची माय चाललीय... तिनं रडायचं न्हाई तर काय करायचं?"

फलाट संपला तशा त्या थांबल्या. पोर हुंदके देत त्यांच्या खांद्यात तोंड लपवू पाहत होती, पण त्यांनी लपवू दिलं नाही. गाडी वळेपर्यंत पंचफुलेला दिसत राहिलं... सुलाबाई पोरीला उंच धरून, तिचं रडकं तोंड गाडीकडं करून उभ्या होत्या.