पदकावरचे राजेसाहेब

हद्दपार राजेसाहेब परमुलखात वारले, तेव्हा सर्वांत जास्त उत्साह संचारला तो निष्ठावंत मंडळात. सभागृह ठरलं, हार सांगून झाले, आणि मृत्यूचं स्मृतिपदक पाडायचं काम माझ्या मामाकडे आलं.

मामाचा कारखाना म्हणजे एक खोली, हाताने फिरवायचं एक दाबयंत्र आणि तेलाचा वास. समोर संगणकावर चालणारा कारखाना निघाल्यापासून यंत्रावर मांजर झोपत असे. हे काम फसलं तर यंत्र भंगारात, असं मामीने जाहीर केलं होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणजे दुपारी मोकळाच असतो. पदकांसाठीच्या कोऱ्या धातूच्या चकत्या पुसायला गेलो.

पोलादी साच्यात मामाने पलंगावर निजलेले राजेसाहेब कोरले होते. पहिलं पदक मी भिंगाखाली धरलं.

"मामा, डोळे उघडे आहेत."

"जन्मभर जिवंत माणसंच कोरली रे. हात सवयीने गेला."

साच्यात खोल कोरलं की पदकावर ते वर उठतं. मामाने पापण्या खोल केल्या आणि पुन्हा दांडा फिरवला. डोळे उघडेच होते. शिवाय गाल भरले होते.

साचा वापराने झिजतो, नाकं बसतात, मिशा पुसट होतात. या साच्याने मात्र बाळसं धरलं होतं. पुढच्या पदकावर राजेसाहेब कोपरावर टेकून उठले होते. त्याच्या पुढच्यावर त्यांचे पाय पलंगाखाली आले. मी साच्याला बोट लावलं. पोलाद कोमट होतं, अंथरुणासारखं.

"तब्येत सुधारतेय," मामा म्हणाला.

"मंडळाला कळवायचं का?"

"नको. बिचाऱ्यांनी हार सांगितलेत."

त्यानंतरची सगळी पदकं सारखीच पडली. पलंग रिकामा, चादर चुरगळलेली, उशीला खळगा.

एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांनी आधी मागच्या बाजूला कोरलेलं स्वतःचं नाव वाचलं, मग पुढची बाजू पाहिली.

"वा, रिकामा पलंग! याला म्हणतात प्रतीक. राजेसाहेब असते तर उगाच गर्दी झाली असती. आता माझ्यासाठी एक चांदीचं काढा."

मामा खुशीत होता. यंत्र वाचलं होतं. त्याने चांदीची चकती ठेवली, दांडा फिरवला, पदक उचलून पाहिलं.

आणि मूठ मिटली.

"हे उद्या देतो," तो म्हणाला.

अध्यक्ष गुणगुणत गेले.

"राजेसाहेब परतले का?" मी विचारलं.

"नाही."

"मग पलंग रिकामाच ना?"

मामाने चांदीचं पदक खिशात टाकलं. छिन्नी घेतली आणि साच्यातला पलंग खरवडून काढायला लागला. पोलादाचा चुरा त्याच्या मांडीवर पडत राहिला. आवाज ऐकून मामी दारात आली.

"अहो, बाकीची पदकं?"

"समोरच्याला सांग पाडायला."

मामी एका सांगण्यात समोर निघाली. हे पहिल्यांदाच घडत होतं.

मामाने हात पुसले. दोन बोटांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि माझं नाक, कपाळ, मिटलेले ओठ बराच वेळ निरखले. कोरायला घेतलेल्या माणसाकडे तो असंच बघत असे.

"आज घरी जाऊ नकोस," तो म्हणाला. "इथेच जेव. गप्पा मारू, पत्ते खेळू. फक्त आडवा होऊ नकोस."