निळा फ्यूज

दल्लीराजहराच्या पलीकडच्या जंगलात पांढऱ्या फुलांचा पळस आहे, अशी खबर वाटाड्या टिकारामने आणली आणि त्याची एक फांदी कॉलेजच्या संग्रहासाठी आणायला आम्ही भिलाईहून निघालो. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. गाडी माझ्या मोठ्या भावाची, प्रफुलदादाची. दादा स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन आहे, आणि शिस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नाही.

नाल्याजवळ गाडी ठेवून आम्ही पायी निघालो. दादाने वाकून, घाम पुसत पाण्याची खोली पाहिली. पलीकडे पळस दिसला! सगळं रान उघडंबोडकं, आणि मधेच तो पांढऱ्या फुलांनी लगडलेला. मी पाण्यात पाय टाकणार, तोच टिकारामने माझं मनगट धरलं.

"हाथी आवत हे, दीदी."

पळसामागे बांबू कडाकडा मोडत होते. मोहफुलांच्या वासावर हत्तींचा कळप आला होता! आम्ही गाडीकडे धावलो. दादाने चावी फिरवली. खर्र... खर्र... इंजिन काही सुरू होईना.

"बॅटरी ठीक आहे. स्टार्टर फिरून राहिला," दादा म्हणाला. "पण टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा आवाज नाही. आम्रपाली, फ्यूज पाह्य."

मी बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डबीचं झाकण निघता निघेना. आत एक जागा रिकामी होती.

"पंपाचा फ्यूजच नाही, दादा!"

दादाचा चेहरा उतरला. "आता थांबलो तेव्हा इंजिनच्या फॅनमधलं गवत काढलं ना मी. त्याच्याआधी शटडाऊन घेतला होता."

प्लांटमध्ये वीज तोडल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत; तोच शटडाऊन. ती जोडायचीही ज्याने तोडली त्यानेच. गाडी चुकून सुरू होऊ नये म्हणून दादाने पंपाचा फ्यूज शिस्तीत काढून खिशात ठेवला होता, आणि नाल्यावर त्याच खिशातून रुमाल ओढला होता. आता खिशात काही नव्हतं.

नाल्याचं पाणी खळबळलं. कळप अलीकडे येत होता.

"दुसऱ्या कशाचा तरी निळा काढून तिथं लाव," दादा ओरडला.

"कोणता?"

"कोणताई! निळा पाह्यजे फक्त, पंधरा अँपिअरचा."

मी हाती आला तो निळा उपटला आणि रिकाम्या जागेत दाबला. मागून पंपाचा घूं आवाज आला. इंजिन धडधडलं. मी आत उडी मारली, गाडी सुटली.

पहिल्याच वळणावर दादाने करकचून ब्रेक मारला. पंधरा पावलांवर हत्तीण उभी होती, आणि तिच्या पायांत पिल्लू! घाबरलेल्या दादाने सगळा तळहात हॉर्नवर दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही. हत्तिणीने कान पसरून आमच्याकडे पाहिलं, पिल्लाला सोंडेने पुढे लोटलं आणि ती सावकाश झाडीत शिरली.

दादाने गाडी हळूच पुढे काढली.

"हॉर्न कावून नाही वाजला?" दादाने विचारलं.

"तू म्हणाला ना, कोणताई निळा," मी म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.

दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पळस पाह्यला ना? बस झालं. चाल घरी."