दोन्या एर्सिलियाचे गुलाब

चोवीस ऑगस्टची, ऐन हिवाळ्यातली रात्र. आपल्या शहरात त्या रात्री घरी कोण बसतं? सगळं मोंतेविदेओ जुन्या गाण्यांवर नाचायला बाहेर पडतं. गुडघे धरून चालणारे आजोबासुद्धा शर्टाची वरची बटणं उघडी टाकून निघतात. नेल्बा एचेवेस्ते मात्र कापडी पिशवी मांडीवर घेऊन प्रादो भागाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली होती. तिला एक पुस्तक आणायचं होतं.

तुम्हा पोरांना नेल्बा माहीत नसेल. शाळेत गृहशास्त्र शिकवायची. आता निवृत्त, एकटी. घरात पुस्तकंच पुस्तकं, आणि तीही कसली, तर मुरंबा कसा टिकवावा, चादरीवरचे डाग कसे काढावेत, कलम कसं बांधावं, मुंग्यांचा बंदोबस्त कसा करावा. सगळी जुनी, कुणाकुणाच्या स्वयंपाकघरातून आलेली, पानांवर तुपकट बोटांचे ठसे असलेली. रविवारच्या बाजारात ती उकिडवी बसून त्यासाठी ढीगच्या ढीग उपसायची. ही गोष्ट तिनंच मला सांगितली. आणि सांगताना ती मधेच उठून चूळ भरून आली, हेही लक्षात ठेवा.

दुपारी तिला दार्दोचा फोन आला होता. दार्दो घरं रिकामी करतो. म्हातारं माणूस गेलं की वारस त्याला बोलावतात, आणि तो चमच्यापासून पलंगापर्यंत सगळं एकरकमी उचलतो. कायद्यात बसणारा धंदा आहे. पण या वेळी घरची मालकीण गेलेली नव्हती. ही मालकीण, दोन्या एर्सिलिया, वृद्धाश्रमात होती, पूर्ण शुद्धीत होती, आणि थंडी सरली की आपण घरी परतणार अशा समजुतीत होती. भाच्यानं परस्पर किल्ली देऊन टाकली. मावशीला न विचारता, तिच्या बिछान्याशेजारी बसून, तिनंच देऊ केलेलं बिस्कीट खात. दार्दोनं हे फोनवर हसत हसत सांगितलं.

नेल्बानं ते ऐकलं. आणि तरी गेली. कारण त्या घरात लाल कापडी बांधणीचा एक ग्रंथ होता, घर आणि बाग सांभाळण्याचा, गुलाबांच्या रंगीत चित्रांसकट. तिनं त्याच्या फाटक्या प्रती पुष्कळ पाहिल्या होत्या, अख्खी कधीच नाही. दार्दोसारखे लोक ब्लेडनं चित्रं कापतात, चौकटीत घालून पर्यटकांना विकतात आणि उरलेलं पुस्तक रद्दीत टाकतात. आज रात्री आला नाहीत तर कापतो, असं तो म्हणाला होता. तिला तो ग्रंथ वाचवायचा होता. निदान ती तसं म्हणते.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ओल, उंदीर आणि शिळ्या चरबीचा वास. हॉलमध्ये म्हातारीच्या चोळ्या, तिचं कमोडचं भांडं, तिची लग्नाची तसबीर, सगळं एकाच खोक्यात कोंबलेलं. स्वयंपाकघरात दिवा होता. दार्दो नाचायला जायच्या कपड्यांत, अत्तर थापून, टेबलाशी बसला होता. हातात ब्लेड. शेजारी कापलेल्या गुलाबांची चळत.

"मी येतेय म्हटलं होतं ना रे तुला?"

"तुमचा काय भरवसा, बाई. आणि मागची पानं तशीच आहेत की. शेणखत, गोगलगायी, मोरी घासायची कृती. तुमच्या आवडीचं सगळं."

तिनं त्याला शब्दांनी यथेच्छ झोडपलं. तो हसत राहिला. शेवटी चित्रांसकट पुस्तक द्यायला कबूल झाला. पण आधी येर्बाचा गरम काढा घेऊ म्हणाला, बाहेर हाडं गोठतायत.

आता, त्याचा स्वतःचा येर्बा प्यायचा पोकळ भोपळा आणि थर्मास मित्राच्या गाडीत राहिला होता. म्हणून त्यानं मोरीवर पालथा घातलेला भोपळा उचलला. चांदीच्या काठाचा. दोन्या एर्सिलियाचा. घरं रिकामी करणाऱ्यांत एक नेम आहे. पलंग न्या, पातेली न्या, पण घरच्या बाईच्या भोपळ्याला तोंड लावायचं नाही. विकतही नाहीत, फोडून टाकतात. नेल्बानं त्याला आठवण करून दिली.

"तो नेम मेलेल्यांसाठी आहे, बाई," दार्दो म्हणाला. "ही मेलीय कुठे अजून?"

त्यानं भोपळ्यात येर्बाची पानं भरली, चोखायची नळी खोचली, गरम पाणी ओतलं, पहिला भोपळा स्वतः ओढला. दुसरा तिला दिला. नेल्बानं नळी ओठांत धरली. येर्बा कडू असते. ही गुळचट लागली. खळीसारखी. नळीतून काहीतरी बुळबुळीत वर आलं आणि घशाखाली उतरलं. भिडेखातर तिनं भोपळा संपवून परत दिला.

दार्दोनं तिसरा भरला. आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. नळी खुर्चीकडे वळवून.

तिला वाटलं, चेष्टा करतोय.

मग तो आवाज आला. भोपळा संपताना नळी घुरघुरते तो.

दार्दोनं हात लांबवून भोपळा परत घेतला. रिकामा होता. त्यानं पुन्हा पाणी ओतलं.

"दार्दो... तो कुणाला दिलास?"

"कुणाला काय? तुम्हालाच."

त्याचे ओठ गुलाबी झाले होते. चळतीतलं वरचं चित्र नव्हतं. टेबलाखाली नव्हतं. कुठेच नव्हतं.

दुसरी फेरी. तो. ती. खुर्ची.

घुरघुर.

चळत आणखी खाली गेली. दार्दोच्या हनुवटीवरून लाल लाळ ओघळत होती. त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो भाच्याचे किस्से सांगत होता. सांगता सांगता चावत होता.

आभार मानून भोपळा परत केला की माणूस फेरीतून सुटतो. लहान मुलालाही माहीत आहे. नेल्बानं आभार मानायला तोंड उघडलं.

तोंड भरलेलं होतं.

ओला कागद. खळ. दाढांमध्ये केस...

आणि ती चावत होती. थांबवता येत नव्हतं.

खुर्ची मागे सरकली. हळूच. जसं म्हातारं माणूस हातांवर भार देऊन उठतं.

नेल्बानं पुस्तक छातीशी धरलं आणि पळाली. फाटकाशी ओकली. लाल, हिरवं, गुलाबी, सगळा लगदा. कोपऱ्यावरच्या क्लबात लोक जुनं गाणं बेंबीच्या देठापासून म्हणत होते. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या रात्री बाया ओकताना दिसतातच.

घरी येऊन तिनं पुस्तक टेबलावर टाकलं. उघडलं नाही. दार लावून झोपली.

सकाळी दार्दोचा फोन. आवाज बसलेला. त्याला एवढंच आठवत होतं की ओकाऱ्यांमुळे तो नाचायला गेला नाही. मग म्हणाला, भाच्याचा निरोप आलाय. म्हातारी रात्री गेली. आश्रमातली माणसं खालच्या मजल्यावर नाचत होती, कुणाला कळलं नाही.

"चला," तो म्हणाला, "आता तरी कुणी नावं ठेवायला नको."

नेल्बानं फोन ठेवला. पुस्तक उघडलं.

चित्रं आत होती. सगळी. जिथल्या तिथे, पिठाच्या खळीनं चिकटवलेली. खळ अजून ओली होती.

प्रत्येक गुलाबाच्या कडेला चावल्याच्या खुणा होत्या. एक चावा रुंद, पुरुषाच्या जबड्याचा. दुसऱ्यात खाली एका दाताची जागा मोकळी होती. नेल्बानं जिभेनं स्वतःचे खालचे दात चाचपले, आणि तीच मोकळी जागा लागली.

तिसऱ्याला दातच नव्हते. नुसत्या हिरड्यांचा ठसा... ओला.