एकेचाळीस नंबरची नळी

रक्ततपासणीच्या खोलीत ताईचा दरारा होता. कुणालाच न सापडणारी शीर तिला पहिल्या टोचणीत सापडायची, आणि तिच्या मशीनचा आकडा चुकला असं म्हणायची वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. गर्दची सवय सुटावी म्हणून दवाखान्याच्या खिडकीवर रोज सकाळी औषध पाजत. ते रक्तात किती टिकलं, हे ती मोजायची. एकेचाळीस नंबर तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्याचा विषय निघाला की तिची मान आपसूक ताठ व्हायची.

दोन महिन्यांपूर्वी त्याचा आकडा निम्म्यावर आला. डॉक्टरांनी डोस वाढवला. आता पाचशे यायला हवे होते, आले अडीचशे.

"औषध लवकर जिरत असेल, तर पाजल्यावर चार तासांनी तरी आकडा भरलेला दिसेल," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही निम्माच आला, तर तो तोंडात धरून बाहेर नेतोय. सोमवारपासून बंद."

बंद म्हणजे पुन्हा पुलाखाली. तिथून ताईने त्याला एकदा पाठुंगळी मारून आणलं होतं. त्याच्या जोडीदाराला, लंब्याला, आणायला गेली तेव्हा मात्र त्याचं अंग गार पडलं होतं.

"माझं मशीन खोटं नाही आणि माझा भाऊही खोटा नाही," ती म्हणाली.

शनिवारी ती स्वतः खिडकीशी उभी राहिली. औषध प्यायचं, वर पाणी, मग काहीतरी बोलून दाखवायचं, म्हणजे तोंडात काही उरलं नाही हे कळतं. भावाने सगळं नीट केलं.

"झालं," तो म्हणाला आणि पुन्हा पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"झालं."

दुसरा आवाज जाड होता. भाऊ अजून पाणी पीत होता.

"रोज दोनदा म्हणतो," नर्स हसली. "भारी चेष्टेखोर आहे तुमचा भाऊ."

ताईने त्याला आपल्या खोलीत नेलं, कडी घातली. चार तास तो समोर बसून शब्दकोडं सोडवत होता. तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. मग तिने रक्त काढलं. एक नळी. चिठ्ठीवर नंबर घालून ती मशीनमध्ये ठेवली.

अडीचशे.

तिला रडू आलं.

"ताई, मी थेंबही सांडला नाही."

"माहीत आहे रे."

"माझं नि लंब्याचं पहिल्यापासून अर्धं अर्धं. तू त्याला वाईट म्हणायचीस, पण आला बघ तो. दोन महिने झाले, एक दिवस चुकला नाही." त्याची मान ताठ झाली, अगदी तिच्यासारखी. "त्याचंही बघ ना."

ट्रेमध्ये आणखी एक नळी होती. चिठ्ठीवर तिच्याच हस्ताक्षरात एकेचाळीस.

ताईने ती मशीनमध्ये ठेवली. दुसरं काय करणार होती?

अडीचशे. दोन्ही मिळून पाचशे, एकाचाही फरक नाही. मशीन खरं होतं, भाऊही खरा होता. ताईचा ऊर क्षणभर भरून आला.

मग तिने ती नळी बाहेर काढली. ती अजून कोमट होती.