रिस्टेनची दलदल

पोलिसांनी शोध थांबवला त्या दिवशी मला कळलं, रिस्टेन आता जिवंत सापडणार नाही. माझी बायको मुल्तेची, दलदलीत उगवणारी पिवळी फळं वेचायला एकटीच गेली होती. तिची गाडी सापडली, आसपासचा सगळा माळ कुत्र्यांनी हुंगून झाला. पण आमच्याकडे फळांची जागा कुणी कुणाला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. गाडीसुद्धा मुद्दाम भलतीकडे लावतात.

"ताईनं गाडी पूर्वेला लावली ना? मग ती पश्चिमेला गेली," तिचा भाऊ निल्लास म्हणाला. "आईची दलदल नदीपलीकडे होती. मला कधी नेलं नाही. म्हणायची, या पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही."

रिस्टेनला घरी आणून पुरायचं, एवढ्यासाठी आम्ही निघालो. मी, निल्लास आणि त्याची बायको मारेत. ती गावच्या दवाखान्यात नर्स आहे.

पाऊस थांबेना. गमबुटांत सारखं पाणी. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरल्या. नदीत पाय सुटला. प्रवाहाने खाली खेचलं! निल्लासने पाठपिशवीचा पट्टा धरला म्हणून वाचलो. तंबूत मोजा काढला तर पाऊल लाल, गरम, सुजलेलं.

मारेतने लालीच्या कडेने पेनाने रेष ओढली आणि पेनिसिलिनची गोळी हातावर ठेवली.

"चिरेतून जंतू शिरलेत, भावोजी. पाय उंच करून पडून राहा. लाली रेषेबाहेर गेली तर गोळ्यांनी भागणार नाही, शिरेतून औषध द्यावं लागेल."

"पडून राहायला आलो नाही मी."

"दाजी, पाय गेला तर ताईला काय खांद्यावर घेऊन रांगत आणणार?" निल्लास म्हणाला.

सकाळी लाली रेषेच्या आतच होती. मी बूट चढवले. मारेत भांडली, मग माझी पाठपिशवी तिनेच उचलली.

दुपारी दलदल दिसली. फळांनी पिवळी झालेली, कुणी हात न लावलेली. फक्त एका पट्ट्यातले देठ रिकामे होते. हिरव्या टोप्या देठावर ठेवून फळ तेवढं काढायचं, ही रिस्टेनची पद्धत. पट्टा सरळ काळ्या पाण्याच्या डबक्यांकडे गेला होता.

मी धावलो. थंडी भरली. दात वाजू लागले. पडलो! मारेतने बूट ओढला. लाली रेष सोडून गुडघ्याशी पोचली होती. दिलेली गोळी उलटीतून बाहेर पडली.

"ती इथेच आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," निल्लास म्हणाला. "पण एका दलदलीला दोन माणसं द्यायची नाहीत."

त्याने फोनवरून हेलिकॉप्टर मागवलं. तिकडून जागा विचारली. त्याने खरी सांगितली.

दवाखान्यात शिरेतून औषध, मग घरी गोळ्या. लाली गेल्यावरही मी त्या अर्ध्यात सोडल्या नाहीत. पाय वाचला. तोवर बर्फ पडलं होतं.

बर्फ वितळल्यावर निल्लास लांब काठी घेऊन परत गेला. डबक्यांचा तळ त्याला लागला नाही.

रिस्टेनला पुरायचं राहिलं आहे.