गुंगी आणणारी गोळी

सन २०६१. चाळीस जुनी औषधं काचेच्या बशीत विषाणूचा फडशा पाडत होती आणि रुग्णाच्या मेंदूत मात्र एकाचंही काही चालत नव्हतं. असं का, हे कोडं शर्वरीच्या आजोबांना तीन आठवडे सुटत नव्हतं. साथ वाढत होती. शर्वरीचा धाकटा भाऊ ओजस मेंदूज्वराने (विषाणूमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेने) पाच दिवस बेशुद्ध होता. आई दवाखान्यात, म्हणून शर्वरी शाळा सुटली की आजोबांच्या प्रयोगशाळेत येऊन बसायची. तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

"आजोबा, नवीनच औषध का नाही बनवत?"

"त्याला दहा वर्षं लागतात गं. जुनी औषधं माणसाला सोसतात हे ठाऊक असतं, म्हणून त्यांनाच नव्या कामाला जुंपायचं. पण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती भारी खट. रक्तातलं काही वाईट आत जाऊ नये म्हणून त्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. याला म्हणतात रक्त-मेंदू अडसर. तो औषधालाही अडवतो."

शर्वरी प्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाकडे वळली. तो तीन हजार औषधांतून निवड करायचा, म्हणून त्याचं नाव चाळण्या. "तू कुठली औषधं तपासलीच नाहीस?"

"गुंगी आणणारी, एकशे बारा. डॉक्टरांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, तशी सूचना होती. बेशुद्ध रुग्णाला गुंगी नको."

मागच्या थंडीत शिंकांची गोळी घेऊन शर्वरी वर्गात चक्क घोरली होती. ती विचार करत म्हणाली, "पण झोप मेंदूतच येते ना? मग ती गोळी आत पोचल्याशिवाय मला झोप आली कशी?"

आजोबांनी वगळलेल्या औषधांची यादी समोर ओढली. "जी आत जाऊ शकत होती, तीच मी बाहेर काढली," ते म्हणाले.

चाळण्याने ती एकशे बारा औषधं मसुराएवढ्या मेंदूगोळ्यांवर (पेशींपासून वाढवलेल्या मेंदूच्या नमुन्यांवर) तपासली. शिंकांवरच्या एका विस्मरणात गेलेल्या औषधाने विषाणूची वाढ थांबवली. मग किती द्यायचं ते ठरलं, तज्ज्ञांची परवानगी आली, आईने सही केली. या सगळ्यात चार दिवस गेले.

ओजसचा ताप उतरला. त्याने डोळे उघडले आणि शर्वरीकडे परक्यासारखं पाहिलं. विषाणू थांबला होता, पण मेलेल्या पेशी काही परत येणार नव्हत्या.

"माझ्या एका सूचनेने तीन आठवडे खाल्ले," आजोबा म्हणाले आणि रडले. शर्वरीने त्यांची समजूत घातली नाही. खरं सांगायचं तर तिला त्यांचा राग आला होता.

त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवर एक मुलगी आली. तिला पहिल्याच दिवशी ते औषध मिळालं आणि सहाव्या दिवशी ती वडिलांशी भांडत, चालत घरी गेली. शर्वरी दारातून बघत राहिली. तिला आनंद झाला आणि रडूही आलं.

लहान मुलांचा मेंदू उरलेल्या पेशींतून नव्या वाटा काढतो, पण त्याला पुन्हापुन्हा शिकवावं लागतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शर्वरी ओजसच्या खाटेवर बसली.

"मी ताई. म्हण, ताई."

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. तिने पुन्हा म्हटलं.